कुबडीवरच्या खुणा

शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या बहिणीच्या दातांनी जेवतात. हे वाक्य मी कुठेही टाकतो, समोरचा गोंधळतो, आणि मग मी सावकाश खुलासा करतो की ताई कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर बोळक्या तोंडाचं माप घेऊन लॅबमध्ये पाठवतात. तिथे त्या मापावरून पांढरा साचा ओततात, साच्यावर गुलाबी मेणाची कड चढवतात, आणि त्या मेणात ताई एकेक दात मांडते. हातात चिमटा आणि गरम सुरी. कुणी तरुणपणचा फोटो पाठवला असेल तर तो समोर टेकवून ठेवते. एखादा दात मुद्दाम किंचित वाकडा लावते. सगळे सरळ लावले तर माणूस दुसऱ्याचे दात घालून आल्यासारखा दिसतो, असं तिचं म्हणणं. रस्त्यात एखाद्या आजोबांनी जांभई दिली की ती माझ्या कानाशी लागते, "वरचे माझे. खालचे कुणाचे तरी. भिकार काम."

दोन वर्षांची असताना ताईला ताप आला आणि जाताना उजव्या पायातली ताकद घेऊन गेला. त्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आहे. गुडघ्यापाशी एक खटका. उभं राहायचं तर खटका लावायचा, बसायचं तर काढायचा. खटका लावला की पाय सरळसोट, वाकायचं नाव नाही. उजव्या काखेत लाकडी कुबडी. डावा पाय मात्र इतका दणकट, की लहानपणी भांडताना मी कायम तिच्या उजव्या बाजूला उभा राहायचो.

मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. म्हणून ती मला बारक्या म्हणते. आता माझं वजन ब्याऐंशी किलो आहे, दोन पोरांचा बाप आहे, नळदुरुस्तीच्या धंद्यात चार माणसं मला मान देतात, पण घरात पाऊल टाकलं की मी बारक्याच.

चौदा वर्षांपूर्वी मी स्कूटर घेतली. दुकानात चार गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि माझा जीव लाल गाडीवर जडला होता. ताई आणि आई बरोबर आल्या होत्या. ताई प्रत्येक गाडीजवळ जाऊन कुबडीवर रेलून उभी राहिली, डोकं खाली घालून काहीतरी बघत बसली, आणि शेवटी म्हणाली, "निळी घे." मी म्हटलं, "का?" ती म्हणाली, "बरी दिसते." आईनेही लगेच तिची री ओढली. बायकांना रंगाचंच पडलेलं असतं असं मनातल्या मनात म्हणत मी निळी घेतली, आणि पुढचे कित्येक महिने रस्त्यात लाल दिसली की वळून बघायचो.

त्याच निळ्या गाडीवरून मी ताईला रोज लॅबमध्ये सोडायला लागलो. लॅब मागच्याच गल्लीत होती, पाच मिनिटांचा रस्ता. पुढे माझी हत्यारांची लोखंडी पेटी, मागे आडवी बसलेली ताई, तिच्या मांडीवर कुबडी. संध्याकाळी परत आणायचं. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. खोटं कशाला बोलू, ऐकायला मला फार गोड वाटायचं.

एकदाच घोळ झाला होता. दोन वर्षांपूर्वी एका इमारतीत मोठा पाईप फुटला, जिना धबधब्यासारखा वाहायला लागला, आणि मी ताईला आणायचं साफ विसरलो. पोचलो तेव्हा लॅबला कुलूप होतं आणि ती बंद दारासमोरच्या पायरीवर बसली होती. अडीच तास. मी शंभर वेळा माफी मागितली. ती म्हणाली, "अरे, तुझं काम होतं ना." मी म्हटलं, चला, मिटलं.

मिटलं नव्हतं, हे मला यंदा कळलं.

यंदा लॅब हलली. मोठ्या इस्पितळाजवळ नवीन इमारत, नवीन यंत्रं, घरापासून नऊ किलोमीटर. मालकीणबाई स्वतः आमच्या घरी आल्या. बाई स्वभावाने वाईट नाहीत, पण बोलणं वजनात, कामापुरतं. खुर्चीवर बसून त्या ताईला म्हणाल्या, "तुला तिथे रोज यायला जमणार नाही. मी घरी काम पाठवते. साचे येतील, तू दात मांडून दे. आरामात."

आईचा चेहरा उजळला. माझाही. ताईचा मात्र उतरला.

"आणि मांडणीचं टेबल?" तिने विचारलं.

नव्या जागेत दात मांडायचं वेगळं टेबल होणार होतं. तिथे चार माणसं बसणार आणि त्यांच्यावर एक मुख्य. डॉक्टरांचे फोन थेट त्या मुख्याकडे येणार, कुठला दात कसा ते तोच ठरवणार. बावीस वर्षं ताई ते काम टेबलाशिवायच करत आली होती.

"टेबलाला माणूस समोर लागतो," मालकीणबाई म्हणाल्या. "साडेनऊला डॉक्टरांचे फोन सुरू होतात. दुसऱ्या एकाला विचारून ठेवलंय मी."

"मी येईन."

"कशी?"

"ते मी बघते."

मालकीणबाईंनी तिच्या पायाकडे बघितलं नाही, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, "महिना देते. एक तारखेला साडेनऊला टेबलावर असलीस तर टेबल तुझं. पण एक सांगते. भावाने आणून सोडलं तर तो एक दिवस झाला. मला रोजचं हवंय. तुझी तू येणार असशील तरच."

त्या गेल्यावर मी तोंड उघडलं. म्हटलं, "त्यांना काय करायचंय? मी सोडेन रोज."

"सकाळी नऊला लोकांचे नळ सुरू होतात, बारक्या. तेव्हा तू कुणाच्या तरी मोरीत डोकं घालून बसलेला असतोस."

"सोडेन म्हटलं ना."

"आणि पाईप फुटला की?" ती शांतपणे म्हणाली. अडीच तासांचा हिशेब असा दोन वर्षांनी निघाला.

दुसऱ्या दिवसापासून ताई चौकात जाऊन बसायला लागली. लॅबचं सामान हलत होतं, तिला सुट्टीच होती. चहाच्या टपरीच्या बाकड्यावर सकाळी आठ ते साडेनऊ, हातात शाळकरी वही. मला वाटलं बसायला जागा, चहा गरम, चार माणसं दिसतात, बरं आहे. आठवड्याने बघतो तर कुबडीवर नेलपॉलिशच्या लाल खुणा. नखांना तिने जन्मात कधी लावलं नाही, ते कुबडीला लावलं.

"हा काय नटवा प्रकार?" मी विचारलं.

"उंच्या आहेत. कुठल्या गाडीची पायरी जमिनीपासून किती, ते. गाडी थांबली की कुबडी शेजारी टेकवायची, बघायचं, आणि ती गेली की खूण करायची." तिने बोटाने दाखवल्या. सगळ्यात खालची टमटमची. तिच्यावर थांब्यावरच्या पत्रपेटीच्या चौथऱ्याची, मग नव्या बसची, मग जुन्या बसची. "आणि ही?" मी विचारलं. मुठीच्या जरा खाली एक जुनाट, फिकट खूण होती, रंग जवळजवळ उडालेला. "ती वेगळी आहे," ती म्हणाली आणि वही उघडली.

वही म्हणजे एकेका वाहनाची उलटतपासणी होती. टमटम स्वस्त, पायरी बुटकी, पण आत सहा जणांच्या जागी नऊ कोंबतात आणि न वाकणारा पाय ठेवायला जागा उरत नाही. शिवाय कुबडी दिसली की टमटमवाला वेग वाढवतो. हे तिने प्रयोग करून बघितलं होतं. कुबडी दिव्याच्या खांबामागे लपवून हात केला, टमटम थांबली. कुबडी बाहेर काढली, टमटम भरलेली निघाली. सगळा आठवडा हेच. टपरीवाला म्हणे हसून हसून बेजार व्हायचा.

एकटीने रिक्षा करावी तर अर्धा पगार तिच्यातच जाणार. "म्हणजे मी दात रिक्षावाल्यासाठी मांडायचे," असं तिने सुनावलं. आईने हाताने फिरवायच्या तीनचाकीचं सुचवलं. एका कार्यालयात अशा सायकली फुकट मिळतात, वर फोटोही काढतात. ताई म्हणाली, "मधला पूल कोण चढवणार, फोटोवाला?"

राहिली नवी बस. आमच्या सगळ्यांचं मत नव्या बसला होतं. बुटका तळ, चढायला घसरती फळी, वर चाकाच्या खुर्चीचं चित्र. मी तर म्हटलं, अगं, ही बस तुझ्यासाठीच काढलीय. ताईने वही पुढे केली. थांब्याच्या कडेला मोटरसायकली लावलेल्या असतात, म्हणून ती बस भर रस्त्यात थांबते. रस्त्यावरून बघितलं तर बुटका तळही बुटका राहत नाही. दारात हाताला धरायला काही नाही, दांडे सगळे आत. फळी ओढायला आकडा लागतो आणि तो आकडा, कंडक्टरच्या म्हणण्याप्रमाणे, आगारात आहे. शिवाय येण्याची वेळ तिच्या मर्जीवर.

"मग?" मी म्हटलं.

"आठ चाळीसची खडखडी," ताई म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. खडखडी म्हणजे आमच्या रस्त्यावरची सगळ्यात जुनी बस. तिच्या खिडक्या लांबूनच ऐकू येतात. पायरी अशी उंच की धडधाकट माणूससुद्धा चढताना एकदा हुश्श करतो. पण ताईने वहीत चित्र काढलं होतं. खडखडी रोज एकाच जागी थांबते, कारण पुढे गटाराचं झाकण उचकटलेलं आहे आणि तिचा मिशीवाला चालक त्यावर चाक घालत नाही. तिथे थांबली की मागचं दार बरोबर पत्रपेटीसमोर येतं. पत्रपेटीला सिमेंटचा चौथरा आहे. चौथऱ्यावर उभं राहिलं की बसची उंच पायरी निम्मी होते. मागच्या दाराला डाव्या हाताला जाड दांडा आहे. उजव्या काखेत कुबडी, डाव्या हातात दांडा, डावा पाय पायरीवर, आणि एक हिसका. दणकट पाय पुढे, लोखंडी पाय मागून येतो. पाच सेकंद.

"चालकाला सांगून ठेवू का?" मी विचारलं.

"अजिबात नाही," ताई म्हणाली. "तो मला बघत नाही, हेच तर बरं आहे. रोज सारखं करतो."

हे वाक्य मी ऐकलं. समजून घेतलं नाही.

तीन आठवडे तिने सराव केला. खडखडीने जायची, नव्या लॅबच्या दारापर्यंत पोचायची, समोर चहा प्यायची, परत यायची. नऊ बावीस, नऊ चोवीस, एकदा नऊ सव्वीस. घरी आली की घामाघूम, पण चेहरा असा की आईसुद्धा काही बोलायची नाही.

मला मात्र चैन पडेना. एक तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा मी गुपचूप तिच्या मागे गेलो आणि चौकाच्या पलीकडे स्कूटर लावून बघत राहिलो. खडखडी आली. ताई चौथऱ्यावर उभी होती. दांडा धरला, डावा पाय वर गेला, आणि तेवढ्यात बसने हिसका दिला. ताईचा लोखंडी पाय बाहेर लोंबकळत राहिला, क्षणभर, आणि मग आत ओढला गेला. तिला काही झालं नाही. मला मात्र गाडी सुरू करायची किल्ली दोनदा सापडेना.

त्या दुपारी मी आगाराबाहेर मिशीवाल्या चालकाला गाठलं. म्हटलं, "काका, आठ चाळीसला पत्रपेटीपाशी एक बाई चढतात ना, कुबडीवाल्या, त्या माझ्या थोरल्या बहीण. परवा त्यांचा महत्त्वाचा दिवस आहे. जरा सांभाळून घ्या. मागच्या दाराला तुमचं लक्ष नसतं. पुढचं दार त्यांच्यासमोर आणा, तुमच्या नजरेखाली चढतील."

माणूस भला निघाला. म्हणाला, "अहो, मला कधी बोलल्याच नाहीत त्या. नाहीतर आधीच केलं असतं. काळजी सोडा." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने माझ्या. जगात चांगुलपणा शिल्लक आहे असं वाटून मी शीळ घालत घरी आलो. घरी मात्र चकार शब्द काढला नाही. म्हटलं, टेबल मिळाल्यावर सांगू, तेवढाच आपलाही वाटा.

एक तारीख उजाडली. ताईने कॅलिपरच्या खटक्याला तेल दिलं, कुबडीचं रबर पुसलं आणि नेहमीच्या वेळी निघाली. मी मागच्या रस्त्याने जाऊन पलीकडे उभा राहिलो. माझी कामगिरी मला डोळ्यांनी बघायची होती.

आठ चाळीसला खडखडी आली. पत्रपेटीपाशी येऊन न थांबता चालकाने ती लाडाने, अगदी हळू पुढे घेतली. झाकण चुकवायला बाहेरून वळसा घेऊन तो परत कडेला आला, आणि तेव्हा कुठे पुढचं दार ताईच्या केव्हाच पुढे निघून गेलंय, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने बस मागे घेतली. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. शेवटी पुढचं दार बरोबर ताईसमोर आणून तो हसला आणि त्याने मान डोलवली.

पुढच्या दाराला दांडा फक्त उजव्या बाजूला आहे. डाव्या बाजूला नुसता पत्रा. ताईचा डावा हात पत्र्यावर फिरला आणि रिकामा परत आला. उजव्या हातात कुबडी. तिने ओरडून सांगितलं, "मागचं दार! मागचं!" पण मागचं दार आता वीस पावलं मागे गेलं होतं, तिथे ना चौथरा ना काही. आतल्या प्रवाशांना माया फुटली. "अहो, बाईंना घ्या, हात द्या!" कंडक्टर खाली उतरला आणि त्याने मदत म्हणून पहिली गोष्ट काय केली, तर तिची कुबडी काढून घेतली. "द्या, मी धरतो." दुसऱ्या एकाने तिला दंडाला धरून वर ओढायला सुरुवात केली. ताई डाव्या पायावर, दोन्ही बाजूंनी ओढाताण, आणि मागे भोंगे.

"सोडा!" ती अशा आवाजात म्हणाली की भोंगेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. "कुबडी द्या माझी. जा तुम्ही. जा."

कंडक्टर बिचारा गोरामोरा झाला. कुबडी देऊन चढला, आणि खडखडी गेली.

मी रस्ता कसा ओलांडला मला आठवत नाही. ताईने मला बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं.

"काय सांगितलंस त्याला?"

मी सांगितलं. पुढचं दार, नजरेखाली, सगळं. सांगताना ते किती मूर्खपणाचं होतं ते मलाच ऐकू येत होतं. ताईचे डोळे भरून आले होते. अडीच तास पायरीवर बसली तेव्हाही मी तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं.

"बस गाडीवर," मी म्हटलं. "पंचवीस मिनिटांत लॅबच्या दारात सोडतो."

"मालकीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

"लॅबच्या मागच्या गल्लीत सोडतो. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," ताई म्हणाली. तिने नाक पुसलं, घड्याळ बघितलं. "बाजाराच्या थांब्यावर खडखडी किती थांबते?"

बाजाराच्या थांब्यावर नियंत्रकाची केबिन आहे. तिथे चालक उतरून कागदावर शिक्का मारून घेतो. चार-पाच मिनिटं जातात. शिवाय स्टेशनला मोठा वळसा घालून बस तिथे पोचते.

"गल्ल्यांतून गेलो तर आपण आधी पोचू," मी म्हटलं.

"मग चल. आणि एक शब्द बोलू नकोस."

नळवाल्याला शहर मागच्या बाजूने पाठ असतं. कुठल्या बोळातून गाडी जाते, कुठल्या अंगणाला दोन फाटकं आहेत, हे मला डोळे झाकून माहीत. मी निळी गाडी अशी हाणली की एका कोंबडीने आणि दोन आज्यांनी मला शिव्या घातल्या. मागे ताई आडवी बसलेली. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, नेहमीसारखाच. तो हात तिथे आहे हे चौदा वर्षांत पहिल्यांदा मला जाणवलं.

आम्ही पोचलो आणि मागोमाग खडखडी आली. मिशीवाला चालक कागद घेऊन उतरला, ताईला बघून चपापला. मी पुढे होणार तोच ताईने मला हातानेच मागे सारलं आणि स्वतः त्याच्यासमोर गेली.

"काका, तुमची चूक नाही. भावाने माझ्याविषयी सांगितलं, पण मला विचारलं नाही. उद्यापासून मी तिथे नाहीच असं समजून थांबा. आजवर थांबत होतात तसे."

"अहो पण, ताई—"

"तसे थांबता म्हणून तर मी तुमची बस निवडली."

चालकाच्या मिशा हलल्या. तो शिक्का मारायला गेला.

आता प्रश्न पायरीचा. बाजाराच्या थांब्यावर चौथरा नाही. ताईने इकडेतिकडे बघितलं आणि तिची नजर माझ्या स्कूटरवर गेली. "ती पेटी उतरव."

मी हत्यारांची लोखंडी पेटी उतरवली. मागच्या दारासमोर ठेवली. ताईने कुबडी तिच्याशेजारी टेकवून खूण बघितली. "चौथऱ्यापेक्षा बोटभर कमी आहे. चालेल. आता लांब उभा राहा."

"पेटी हलली तर? मी धरतो."

"पेटी धर. मला नाही."

मी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी पेटी धरली. माझ्या नाकासमोरून तिचा डावा बूट वर चढला. पेटीवर कुबडीचं रबर टेकलं, दांड्यावर हाताची पकड बसली, एक हिसका, आणि लोखंडी पाय माझ्या कानाजवळून सुळकन आत गेला. मी वर बघितलं तेव्हा ती दारात उभी होती. गुडघ्याचा खटका काढून ती खिडकीशी बसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. खडखडी निघून गेली आणि मी पेटीशेजारी तसाच उकिडवा बसून राहिलो. लोकांना वाटलं असेल, याचा पान्हा हरवलाय.

साडेनऊला मी एका स्वयंपाकघरात ओट्याखाली आडवा होतो, पण हात चालत नव्हता. नऊ चौतीसला फोन वाजला. उठायच्या घाईत डोकं ओट्याला आपटलं.

"टेबलावर आहे," ताई म्हणाली. "नऊ अठ्ठावीस."

"मालकीणबाई?"

"त्यांना सांगितलं मी, बाजारापर्यंत तू आणलंस म्हणून."

"अगं, कशाला सांगितलंस!"

"खरं होतं म्हणून. त्या म्हणाल्या, उशीर झाला का? नाही ना? मग बस, फोन घे." तिच्या आवाजाला हसू फुटत होतं. "ठेव आता. डॉक्टरांचा फोन येतोय."

ओट्याखालची मोरी मी तशीच सोडून पाच मिनिटं जमिनीवर बसलो. घरच्या बाईंनी विचारलं, डोक्याला फार लागलं का. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून खडखडी पुन्हा झाकणाच्या अलीकडे थांबायला लागली, मागचं दार पत्रपेटीसमोर. चालक म्हणे समोरच्या काचेतून असा रोखून बघत बसतो की मानसुद्धा हलवत नाही. ताई म्हणाली, "इतक्या मनापासून माझ्याकडे कुणी दुर्लक्ष केलं नव्हतं."

सकाळी आता माझ्याकडे अर्धा तास रिकामा असतो. सुरुवातीला त्याचं काय करावं कळायचं नाही. चौकात जाऊन बघावंसं वाटायचं. जायचो नाही, म्हणजे दोनदा गेलो, मग सोडलं. गल्लीतून तिची कुबडी टकटक करत जाते ती कोपऱ्यापर्यंत ऐकू येते. तेवढी ऐकतो.

परवा सुट्टीच्या दिवशी ती खिडकीत बसून कुबडीच्या खुणांवर नव्याने नेलपॉलिश लावत होती. मी चहा घेऊन तिच्या शेजारी टेकलो. टमटमची खूण तिने तशीच सोडली, नव्या बसचीही. चौथऱ्याची रंगवली, जुन्या बसची रंगवली. मग कुबडी फिरवून मुठीखालची ती फिकट खूण शोधली आणि तिच्यावरून ब्रश फिरवायला लागली.

"ही कसली, ते अजून सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"तुझ्या गाडीची."

"निळीची?"

"सीटची उंची. दुकानात लाल होती ना, ती दोन बोटं उंच होती. मला चढता आलं नसतं."

मी कप खाली ठेवला. चौदा वर्षं मी समजत होतो की ताईला निळा रंग आवडतो.

"अगं, मग तेव्हाच सांगायचंस."

"तुझी पहिली गाडी होती. तुला वाटायला नको, की माझ्यापायी घेतलीस."

दुकानातली ती खाली घातलेली मान मला आता दिसली. ज्या गाडीवरून मी तिला नेतो म्हणून गल्लीभर मिरवत होतो, ती गाडी तिने निवडली होती, मला कळू न देता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "पण आता ती खूण कशाला रंगवतेस? आता बस आहे तुला."

ताईने ब्रशवर फुंकर घातली. "ती निळी खूप खडखड करायला लागलीय, बारक्या. बदलायला झालीय. नवीन बघायला जाशील तेव्हा लागेल ना."

रंग वाळेपर्यंत मी कुबडी दोन्ही हातांनी सरळ धरून बसलो.